मातीतली हवा काढणारा माणूस

डंपरनं नुकताच ओतलेला मुरुमाचा ढीग पाहा. डोळ्यांना तो भरीव दिसतो, पण त्यातला जवळपास निम्मा भाग पोकळ असतो. मातीचे कण म्हणजे खडकाचाच चुरा, आणि तो पाण्याच्या सुमारे २.७ पट जड असतो. तरीही सैल पसरलेल्या मातीच्या एका घनसेंटीमीटरमध्ये कोरड्या कणांचं वजन भरतं साधारण १.३५ ग्रॅम, म्हणजे बरोबर निम्मं. शंभर भागांतले पन्नास भाग कण, बाकी पाणी आणि हवा. वजनाच्या १२ टक्के पाणी धरलं तर त्या उरलेल्या पन्नासात १६ भाग पाण्याचे आणि ३४ भाग हवेचे. ज्या जमिनीवरून उद्या चाळीस टनांचे ट्रक जाणार, तिचा एक तृतीयांश भाग आज नुसती हवा आहे.

त्याच थरावरून रोलर काही वेळा पुढे-मागे फिरला की हिशेब बदलतो. १.३५ चे १.८९ होतात. शंभरातले ७० भाग कण, २३ भाग पाणी आणि हवा फक्त ७. तीस सेंटीमीटरचा थर एकवीस सेंटीमीटरवर येऊन बसतो. या सगळ्यात पाणी जिथल्या तिथेच राहिलेलं असतं. बाहेर गेली ती हवा. चिकणमातीतून पाणी पिळून निघायला महिने, कधी वर्षं लागतात. रोलरच्या खाली काही सेकंदांत घडतं ते फक्त हवेचं निष्कासन. सरकारी अंदाजपत्रकात याला ‘दबाई’ म्हणतात, आणि रस्ता, धरण, रेल्वेचा भराव, विमानतळाची धावपट्टी या सगळ्यांचं आयुष्य तिच्यावर ठरतं.

ही दबाई करणाऱ्या ऑपरेटरसाठी आपल्याकडे एक रीतसर पात्रता आहे. तिची परीक्षा असते, प्रमाणपत्र असतं. हे अनेकांना माहीत नसतं, आणि माहीत झालं तर आश्चर्य वाटतं. ‘रोलर काय, पुढे न्यायचा आणि मागे आणायचा!’ हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. त्या एका खुर्चीत बसणाऱ्याला किती गोष्टींचं भान ठेवावं लागतं हे समजून घेतलं, तर बांधकामाच्या साईटवरचं ते सगळ्यात संथ यंत्र सगळ्यात विलक्षण वाटू लागतं.

सुरुवात पाण्यापासून करू. ज्यांनी खेड्यात घरातली जमीन करताना पाहिली आहे त्यांना हे शिकवावं लागणार नाही. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी धुमसानं किंवा चोपण्यानं चोपायला घ्यायचं. घाई केली आणि चिखलावरच चोपणं मारलं तर माती उसळून बाजूला सरकते. उशीर केला आणि जमीन वाळली तर चोपणं नुसतं आपटत राहतं, धूळ उडते, जमीन काही बसत नाही. त्या दोहोंच्या मधली वेळ घरातल्या बायकांना अचूक कळत असे. रोलर ऑपरेटरला नेमकी तीच वेळ गाठायची असते, फक्त अंगणाऐवजी किलोमीटरभर लांबीच्या भरावावर.

असं का होतं? माती अगदी कोरडी असेल तर कण एकमेकांवर घासतात, अडून राहतात. जे थोडं पाणी असतं ते कणांना घट्ट धरून ढेकळं करून ठेवतं. पाणी वाढवत नेलं की ही ओढ सैल पडते, कण एकमेकांवरून सरकून रिकाम्या जागांत बसू लागतात. एका ठरावीक ओलाव्याला माती सगळ्यात घट्ट बसते. त्याच्या पुढे पाणी घातलं की पाणीच जागा अडवून बसतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वरून कितीही टन फिरवा, माती इकडे दाबली की तिकडे फुगते. साईटवर अशा जमिनीबद्दल ‘हलतेय’ म्हणतात, आणि ती खरंच चाकांखाली हलताना दिसते.

हा सगळ्यात घट्ट बसण्याचा बिंदू मोजायची रीत जगाला दिली ती लॉस एंजलिसच्या पाणीपुरवठा खात्यातल्या राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरनं. त्यामागे एक मोठी दुर्घटना आहे. १९२८ च्या मार्चमध्ये त्या शहराचं सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्री फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं मेली. ते धरण काँक्रीटचं होतं. त्याच्या जागी पाणी साठवायला बुके कॅन्यनमध्ये मातीचं धरण बांधायचं ठरलं, तेव्हा माती पुरेशी घट्ट बसली आहे हे ‘वाटतं’ म्हणून चालणार नव्हतं. १९३३ मध्ये प्रॉक्टरनं एका अभियांत्रिकी साप्ताहिकात चार लेख लिहून पद्धत मांडली: ठरावीक आकाराच्या लोखंडी साच्यात माती भरा, ठरावीक वजनाचा हातोडा ठरावीक उंचीवरून सोडा, ओलावा थोडा थोडा वाढवत पुन्हा पुन्हा करा, आणि घनतेचा आलेख काढा. तो आलेख टेकडीसारखा चढतो आणि उतरतो. टेकडीचा माथा म्हणजे त्या मातीची कमाल घनता, आणि माथ्याखालचा ओलावा म्हणजे तिचं योग्य पाणी.

आजही प्रत्येक मोठ्या साईटच्या लॅबमध्ये ही चाचणी होते. आपल्या भारतीय मानकात हलक्या चाचणीला २.६ किलोचा हातोडा ३१ सेंटीमीटरवरून तीन थरांत प्रत्येकी २५ वेळा सोडतात. यंत्रं जशी अवजड झाली तशी चाचणीही जड झाली: ४.९ किलोचा हातोडा, ४५ सेंटीमीटरची उंची, पाच थर. गुणाकार करून पाहिला तर दुसऱ्या चाचणीत मातीला साडेचार पटींहून जास्त ऊर्जा मिळते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या निकषांत भरावाला या जड चाचणीतल्या कमाल घनतेच्या किमान ९५ टक्के आणि त्यावरच्या अर्ध्या मीटरच्या सबग्रेडला ९७ टक्के घनता लागते. कागदावर दोन टक्क्यांचा फरक, पण ते दोन टक्के मिळवताना ऑपरेटरचा घाम निघतो. डोंगराच्या माथ्याकडचा शेवटचा चढ सगळ्यात अवघड असतो.

पाण्याचं प्रमाण किती मोठी गोष्ट आहे याचा एक हिशेब करून पाहू. शंभर मीटर लांब, दहा मीटर रुंद असा एकच थर घ्या. दबल्यावर तो एकवीस सेंटीमीटरचा होणार. त्यात सुमारे चारशे टन माती. तिचा ओलावा ८ टक्के आहे आणि १२ टक्के हवा आहे, तर वरून सोळा हजार लिटर पाणी मारावं लागेल. रस्त्याचं काम आपल्याकडे चालतं उन्हाळ्यात, आणि मराठवाड्यात त्याच दिवसांत गावं टँकरची वाट पाहत असतात. आदल्या रात्री मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून गेलं आणि रोलर वेळेत आला नाही, तर ते सोळा हजार लिटर फुकट गेले. म्हणून टँकरवाला, माती सारखी करणारा ग्रेडरवाला आणि रोलरवाला या तिघांचा मेळ बसणं हे साईटवरचं खरं व्यवस्थापन आहे.

जुने ऑपरेटर मशीनवर चढण्याआधी खाली वाकून मूठभर माती घेतात. दाबतात. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला पाहिजे, हाताला चिखल लागता कामा नये. मग तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडतात. चार-सहा तुकडे झाले तर ओलावा जमला आहे. भुगा झाला तर कोरडी, चपटा होऊन पडला तर ओली. लॅबमध्ये यासाठी कॅल्शियम कार्बाइडची बाटली असते: ओल्या मातीत पूड मिसळली की वायू तयार होतो आणि त्याचा दाब काट्यावर ओलावा दाखवतो. प्रशिक्षणात दोन्ही शिकवलं पाहिजे असं मला वाटतं, कारण बाटली लॅबवाल्याकडे असते आणि मूठ ऑपरेटरकडे.

आता यंत्र. वाफेवरच्या रोलरच्या इतिहासात आपल्या देशाचा एक कोपरा आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्ता नगरपालिकेचे इंजिनिअर विल्यम क्लार्क यांनी बर्मिंगहॅमच्या बाथो या इंजिनिअरबरोबर वाफेचा रोलर आखला. ब्रिटनमध्ये बनलेलं ते यंत्र कलकत्त्याच्या रस्त्यांसाठी होतं. त्यानंतर काही वर्षांनी थॉमस अ‍ॅव्हलिंगचे रोलर आले आणि जगभर पसरले. आपल्या लहानपणी गल्लीत आला की पोरं मागे धावायची तो तीन चाकांचा, आठ-दहा टनी रोलर याच घराण्यातला. तो फक्त आपल्या वजनानं दाबतो. वजनाचा परिणाम वरच्या थोड्या सेंटीमीटरपर्यंत चांगला पोचतो, खाली झपाट्यानं विरतो.

मग कंपनाची कल्पना आली. १९३० च्या दशकात जर्मनीत महामार्गांची कामं चालू असताना थरथरणारी दबाई-यंत्रं बनू लागली. आज साईटवर ज्याला ‘व्हायब्रो’ म्हणतात त्याच्या लोखंडी ड्रमच्या आत एक दांडा असतो आणि दांड्यावर मुद्दाम एका बाजूला जड ठेवलेलं वजन. इंजिनच्या जोरावर तो दांडा सेकंदाला तीसेक वेळा फिरतो. प्रत्येक फेऱ्याला ते एकांगी वजन ड्रमला उचलतं आणि आपटतं. उचलणं किती? जेमतेम दोन मिलिमीटर. पण अकरा टनांच्या यंत्रात त्या झटक्याचा जोर वीस-पंचवीस टनांच्या घरात जातो, आणि तो लाटेसारखा खाली उतरतो. त्या लाटेत मातीचे कण क्षणभर एकमेकांची पकड सोडतात आणि पुन्हा टेकताना आधीपेक्षा नीट बसतात. वाळू आणि मुरुमावर याची जादू चालते. चिकणमातीवर तितकी नाही, कारण तिचे कण पकड सोडत नाहीत. तिला मळावं लागतं. त्यासाठी ड्रमला लोखंडी खूर बसवलेला पॅडफूट रोलर असतो. पहिल्या फेरीत त्याचे खूर खोल रुततात आणि थराचा तळ दाबतात. पुढच्या प्रत्येक फेरीत तळ घट्ट होत जातो आणि खूर वर वर येत राहतात. खूर रुतायचे थांबले आणि ड्रम मातीवरून चालत असल्यासारखा दिसू लागला, की तो थर तळापासून दबला.

वेगाचा नियम याच कंपनातून येतो. निकष सांगतात की रोलर ताशी पाच किलोमीटरच्या वर जाऊ नये. आपण चालतो तितका हा वेग. इतका कमी का? ताशी चार किलोमीटरनं यंत्र सेकंदाला १११ सेंटीमीटर जातं, आणि तेवढ्यात तीस ठोके पडतात. म्हणजे दर ३.७ सेंटीमीटरला एक. ऑपरेटरनं काम लवकर उरकायला वेग दुप्पट केला तर ठोक्यांतलं अंतर ७.४ सेंटीमीटर होतं, आणि मधल्या मातीला तेवढा मार मिळत नाही. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. पृष्ठभाग तसाच गुळगुळीत. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात मात्र कळतं. रस्त्याच्या दर्जाबद्दल आपण ठेकेदाराला, खात्याला, पुढाऱ्याला बोल लावतो. त्यात तथ्य असतंच. पण रस्त्याच्या पोटात नेमकं काय घडलं हे त्या दिवशी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या उजव्या हातानं ठरवलेलं असतं, आणि त्या हाताला कुणी काय शिकवलं होतं हा प्रश्न आपण विचारतच नाही.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ऑपरेटरच्या पाठीला कळते. थर सैल असतो तोवर माती ठोका गिळते आणि मशीन मऊ चालतं. जसजसा थर घट्ट होतो तसतसा ठोका परत येऊ लागतो. पुरेसा घट्ट झाला की ड्रम एक ठोका सोडून दुसऱ्याला उसळतो. खुर्चीत बसल्या बसल्या हा बदल कण्यात जाणवतो. इथून पुढची प्रत्येक फेरी नुकसानीची: खडी फुटते, वरचा थर पुन्हा सैल होतो, यंत्राचे बेअरिंग झिजतात आणि माणसाची कंबरही. अशा वेळी कंपन कमी करायचं किंवा बंद करायचं हे जाणणारा ऑपरेटर आणि ‘साहेबांनी आठ पास सांगितलेत’ म्हणून आठ पास मारणारा ऑपरेटर यांत जो फरक आहे, तोच पात्रतेच्या परीक्षेनं पकडायचा असतो.

आता ती परीक्षा. कायद्याच्या दृष्टीनं पहिली पायरी लायसन्सची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात लायसन्सचे जे वर्ग दिले आहेत त्यात मोटारसायकल, हलकं वाहन यांच्या रांगेत रोड रोलर हा स्वतंत्र वर्ग आहे. पण लायसन्स सांगतं की माणूस यंत्र रस्त्यावरून नेऊ शकतो. त्याला माती दाबता येते की नाही हे लायसन्स सांगत नाही. ती उणीव भरून काढायला कौशल्याची पात्रता आली. २०१३ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला; प्रत्येक धंद्यातल्या कामाला पातळ्या ठरल्या, आणि प्रत्येक पातळीवर माणसाला काय माहीत हवं, काय करता यायला हवं हे लिहून काढलं गेलं. बांधकामाच्या यंत्रांसाठी हे काम बंगळूरच्या इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलकडे आहे. एक्स्कॅव्हेटर, बॅकहो, ग्रेडर, क्रेन, तसाच कॉम्पॅक्टर, म्हणजे आपला रोलर.

कामाची मानकं वाचायला रुक्ष असतात, पण त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. ‘रोलर चालवता येतो’ या एका वाक्याचे ते तुकडे करतात. यंत्र सुरू करण्याआधी काय काय तपासलं? इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक होजमधून गळती, ड्रमला चिकटलेली माती खरवडणारी पट्टी, पाण्याची फवारणी, टायरमधली हवा, ब्रेक, हॉर्न. चढताना यंत्राकडे तोंड करून, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात सतत टेकलेले ठेवून चढला का? सीट बेल्ट लावला का? मागे जाताना भोंगा वाजतो ना? रोलरचं निम्मं काम उलट्या दिशेनं चालतं. म्हणून हा भोंगा इथे जिवाचा प्रश्न आहे. यंत्र मधोमध सांध्यावर वळतं, त्या सांध्याच्या खाचेत वळताना माणूस चिरडला जाऊ शकतो, तर सुरू असताना तिथे कुणी उभं नाही हे पाहिलं का?

मग प्रात्यक्षिक. परीक्षक एक पट्टा आखून देतो. कडेपासून सुरुवात करून मध्याकडे यायचं, वळणावर रस्ता एका बाजूला उतरता असेल तर खालच्या कडेकडून वर जायचं. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर किमान एक तृतीयांश चढली पाहिजे. यंत्र हलल्यावरच कंपन सुरू करायचं आणि थांबण्याआधी बंद करायचं, नाहीतर उभ्या जागी ड्रम स्वतःसाठी खळगा खणतो. भरावाच्या टोकाशी जाताना किती अंतर सोडायचं, हे तर सगळ्यात आधी. कडेची माती अजून सैल असते, तिथे अकरा टन गेले की कड खचते आणि यंत्र उलटतं. अशा वेळी उडी मारायची नाही. डोक्यावरचा संरक्षक सांगाडा त्यासाठीच असतो, पण तो वाचवतो तो बेल्ट लावून आत बसलेल्या माणसाला.

आपल्याकडचे बहुतेक ऑपरेटर शाळेतून आलेले नसतात. ते हेल्पर म्हणून आले, उस्तादाच्या बाजूला उभे राहिले, ग्रीस मारलं, डिझेल भरलं, जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या जागेत मशीन हलवून पाहिलं आणि एके दिवशी उस्ताद गावाला गेला म्हणून खुर्चीत बसले. त्यांच्याकडे ज्ञान असतं, कागद नसतो. अशांसाठी आरपीएल, म्हणजे आधीच अंगी असलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची वाट आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून ती बऱ्याच लोकांपर्यंत पोचली. यात पुन्हा पहिलीपासून शिकवत नाहीत. थोडक्यात उजळणी, सुरक्षिततेचे धडे, मग तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा. ब्रिटनमधली एनव्हीक्यू ही पात्रता याच विचाराची आहे. तिथे परीक्षक ऑपरेटरच्या कामाच्या जागी येतो, त्याला खऱ्या रस्त्यावर खरं काम करताना पाहतो, प्रश्न विचारतो, पुरावे गोळा करतो. तिथे नवख्याला आधी दोन वर्षांचं लाल कार्ड मिळतं, आणि एनव्हीक्यू झाल्यावर निळं. हा मधला काळ मला शहाणपणाचा वाटतो: आधी सुरक्षित चालवायला शिक, मग काम करून सिद्ध कर.

आपल्या पद्धतीत मला एक गोष्ट खटकते. प्रमाणपत्र मिळतं, पण ते मागितलं जातंच असं नाही. मोठ्या कंपन्यांच्या महामार्गावर गेटवरच विचारतात. तालुक्याच्या जोडरस्त्यावर, भाड्यानं आणलेल्या यंत्राबरोबर जो माणूस येतो तोच चालवतो. जिथे लॅब लांब आणि साहेब क्वचित, तिथेच जाणत्या ऑपरेटरची गरज जास्त असते.

डांबराकडे वळलं की सगळं आणखी चुरशीचं होतं, कारण आता घड्याळही विरोधात असतं. नेहमीच्या व्हीजी ३० डांबराचं मिश्रण प्लँटवरून १५० ते १६५ अंशांना निघतं, पसरताना ते १४० च्या खाली नसावं आणि रोलिंग ९० अंशांच्या आत उतरण्यापूर्वी संपलं पाहिजे. थर पातळ असेल, वारा सुटला असेल, तर ही मुदत मिनिटांत मोजावी लागते. मिश्रण पसरणाऱ्या पेव्हरच्या मागे पहिला स्टीलचा रोलर लागतो, मग व्हायब्रेटरी किंवा पीटीआर, म्हणजे रबरी टायरांचा रोलर, जो खडीला मळत मळत बसवतो, आणि शेवटी चाकांच्या खुणा पुसणारा हलका टँडम. लोखंडी ड्रमला डांबर चिकटू नये म्हणून पाण्याची बारीक फवारणी. कुठे कुठे यासाठी डिझेल पुसतात. ते डांबर विरघळवतं, रस्त्याला आतून सोडवतं, आणि प्रशिक्षणात हे निक्षून सांगतात. गरम थरावर यंत्र उभं ठेवायचं नाही. दिशा बदलताना किंचित तिरकं व्हायचं, म्हणजे ड्रमनं पाडलेली आडवी रेघ पुढच्या फेरीत निघून जाते.

आणि गंमत अशी की इथे सगळी हवा काढायची नसते. डांबरी मिश्रणाच्या आखणीत ३ ते ५ टक्के पोकळी मुद्दाम ठेवलेली असते. वैशाखाच्या उन्हात डांबर फुगतं, त्याला फुगायला जागा हवी. ती नसेल तर ते वर येतं, रस्ता काळा चकचकीत आणि निसरडा होतो. हवा जास्त राहिली तर पावसाचं पाणी आत शिरतं आणि खडी सुटते. मातीत जितकी निघेल तितकी काढ आणि डांबरात थोडी ठेव, हा विवेक एकाच माणसाकडून अपेक्षित असतो.

महाराष्ट्राच्या मातीनं तर या विद्येची कसोटीच घेतली आहे. आपल्या राज्याचा मोठा भाग बेसॉल्टवर उभा आहे; त्याचा अर्धवट झिजलेला भाग म्हणजे मुरूम, रस्त्याला उत्तम. पूर्ण झिजला की होते काळी माती, कापसाला उत्तम आणि रस्त्याला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पाडते. सबग्रेडमध्ये तिला बंदीच आहे. भरावात खाली वापरायचीच झाली तर निकष ९५ टक्क्यांचा आग्रह सोडून ९० वर येतात. चूक वाटेल, पण कारण पक्कं आहे: काळी माती कोरडी असताना ठासून बसवली तर पाणी लागल्यावर ती जास्त जोरानं फुगते. तिला थोडी ओलसर आणि बेताची घट्ट ठेवणंच बरं. ज्याला फक्त ‘जोरात दाब’ एवढंच शिकवलंय त्याच्या हातून इथे चांगल्या मनानं वाईट रस्ता होतो.

पुलावर चढताना आणि उतरताना गाडीला बसणारा तो धक्का प्रत्येकाला माहीत आहे. पूल खडकावर उभा, तो जागचा हलत नाही. त्याच्या भिंतीमागचा भराव मात्र बसतो. सहा मीटर उंच भराव नुसता एक टक्का बसला तरी सहा सेंटीमीटरची पायरी पडते. मोठा रोलर भिंतीला खेटून जाऊ शकत नाही, आणि नेला तर कंपनानं भिंतीवरच ताण येतो. म्हणून तिथल्या अरुंद पट्ट्यात पातळ पातळ थर घालून प्लेट कॉम्पॅक्टर आणि हातातल्या रॅमरनं, ज्याला मजूर ‘जंपिंग’ म्हणतात, बोटाबोटानं काम करावं लागतं. वेळ खाणारं आणि हात बधिर करणारं हे काम. कंटाळा आला की दोन थरांचा एक थर होतो. पुलाजवळ डोकं छताला आपटतं तेव्हा आपण त्या कंटाळ्यावरून जात असतो.

नवीन यंत्रांत आता ड्रमलाच संवेदक बसवलेला असतो. कल्पना स्वीडनमधली: १९७४ मध्ये तिथल्या रस्ते खात्यातल्या हाइन्त्स थुर्नर यांनी व्हायब्रेटरी रोलरच्या ड्रमवर कंपन मोजणारं उपकरण लावून प्रयोग केले. ऑपरेटरच्या कण्याला जे जाणवतं तेच उपकरणानं आकड्यात पकडलं. दबलेल्या जमिनीवरून परतणाऱ्या ठोक्याचं रूप बदलतं, आणि त्यावरून जमिनीचा कडकपणा काढता येतो. त्याला उपग्रहावरून कळणारी यंत्राची जागा जोडली की स्क्रीनवर नकाशा रंगू लागतो: कुठे किती पास झाले, कुठे जमीन अजून मऊ आहे. दौंड तालुक्यातल्या भांडगावला विर्टगेन समूहाच्या कारखान्यात हॅमचे रोलर बनतात. म्हणजे ही विद्या आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेली आहे, आणि पुढच्या काळात स्क्रीन वाचणं हा ऑपरेटरच्या परीक्षेचा भाग होणारच.

पण त्या स्क्रीनला एक गोष्ट फसवते. ती कडकपणा मोजते, घनता किंवा ओलावा नाही. कोरडी पडलेली चिकणमाती आत पोकळ असली तरी कडक लागते, आणि नकाशावर चांगला रंग दाखवते. पाऊस पडला की तीच जमीन मऊ होऊन बसते. त्यामुळे आजही थर पास करायचा तर लॅबवाला येतो, वीतभर खड्डा खणतो, निघालेली माती तोलतो, खड्ड्यात मोजलेली वाळू ओतून त्याचं आकारमान काढतो आणि भागाकार करून टक्के सांगतो. ९७ च्या खाली आले तर ऑपरेटरला पुन्हा मशीनवर चढावं लागतं. त्याआधी तो टँकरवाल्याला हाक मारतो की आणखी एक पास पुरेल असं सांगतो, हे त्याला मातीबद्दल किती शिकवलं गेलं आहे यावर अवलंबून असतं.